भाग चौथा धरायचा की नाही

आमच्या इमारतीच्या तळघराचा चौथा हिस्सा गिळंकृत करण्याचा माझा डाव होता, असं आमच्या इमारतीत आजही समजलं जातं. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण नाहीतरी ते तुम्हाला कुणाकडून तरी कळेलच, आणि सांगणारा माणूस माझ्याइतका सरळ असेल याची खात्री नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वीस वर्षांत कॉलेजची पेन्सिलसुद्धा मी घरी आणलेली नाही. असा माणूस मोडक्या सायकली, फुटक्या कुंड्या आणि कुणीतरी टाकून दिलेला पाळणा असलेल्या ओलसर खोलीवर डोळा ठेवेल? पण लोकांना विचार करायला सांगितलं की त्यांना वेळ नसतो आणि संशय घ्यायला सांगितलं की सगळे रिकामेच असतात.

मला ज्या तळघराची हौस आहे ते सिनेमातलं आहे. 'तळघर' नावाचा भयपट होता. पहिल्या भागात एक म्हातारा घरमालक स्वतःच्याच तळघरात अडकून मरतो आणि मग भाडेकरूंना एकेक करून खाली बोलावून घेतो. त्याला सगळे नुसतं 'मालक' म्हणतात. सिनेमा चालला, त्यामुळे दुसरा आला, 'मालक परत आला'. मग तिसरा, 'शेवटची पायरी'. त्यानंतर चौथा, 'वाटणी'. मग 'पुन्हा शेवटची पायरी'. मग 'मालकाची मुलगी', जिचा आधीच्या पाच भागांत कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि सातव्याचं नाव 'सुरुवात'. सात भाग काढून झाल्यावर ज्यांना सुरुवात सुचते, त्या माणसांबद्दल मला आदर आहे. आमच्या कॉलेजची बांधकाम समिती अशीच चालते.

या मालिकेचे आम्ही तिघे भक्त. एक मी. दुसरा माझा मित्र दंतवैद्य. तो सहा दिवस लोकांना किंचाळायला लावतो आणि रविवारी दुसऱ्यांचं किंचाळणं ऐकायला माझ्याकडे येतो. तिसरा विमावाला. पडद्यावर माणूस मेला की हा त्याच्या पॉलिसीचा विचार करतो. "भुताने ढकललं तर अपघाती मृत्यू, पण भूत बोलावतंय हे ठाऊक असून स्वतःच्या पायाने खाली गेला तर कंपनी हात वर करेल," असं तो ऐन मोक्याच्या क्षणी म्हणतो. आम्ही हे सिनेमे रविवारी सकाळी अकरा वाजता, पडदे ओढून बघतो. दंतवैद्य साडेनऊला झोपतो हे त्याचं अधिकृत कारण आहे. विमावाल्याला अंधार पडल्यावर जिना उतरायची भीती वाटते हे अनधिकृत कारण आहे. मला दोन्ही वेळा चालतात, पण मला कोण विचारतो?

दरवर्षी आम्ही सगळी मालिका ओळीने बघतो. म्हणजे हे दोघे ज्याला ओळ म्हणतात त्या ओळीने. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. चौथा भाग हे धरतच नाहीत!

आता मी ग्रंथपाल माणूस. माझ्या कपाटात तीन नंबरच्या खंडाशेजारी पाच नंबरचा दिसला तर मी शिपायाला घेऊन सगळी इमारत पालथी घालतो. एकदा प्राचार्यांच्या बायकोच्या पिशवीतून खंड काढून आणला आहे. आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पीत हे दोघे तीनवरून पाचवर उडी मारतात आणि मी रिमोट दाबतो. अकरा वर्षं दाबतोय.

त्यांचं म्हणणं असं, की चौथ्या भागात कुणी मरतच नाही. हे खरं आहे. चौथ्यात दोन भाऊ घराची वाटणी करायला येतात. तळघरात टेप घेऊन मापं घेतात. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नसतो, पण ते टोक बरोबर भिंतीपाशी जाऊन थांबतं. कारण मालक ते धरून बसलेला असतो. सगळी मापं तो त्यांना घेऊ देतो. घराचे तुकडे पडतात, प्रत्येकाला काही ना काही मिळतं आणि मालकाला कोपराही मिळत नाही. शेवटी भाऊ टेप गुंडाळून निघून जातात आणि तो रिकामी मूठ तशीच धरून बसून राहतो. संपलं. पाचव्या भागात तोच मालक, मधे काही झालंच नाही अशा थाटात, परत गळे दाबत सुटतो. पाचवा तर कानामागून आला आणि तिखट झाला, पण त्याला हे दोघे डोक्यावर घेतात.

"अरे, तो भयपट नाही, तो मालमत्तेचा खटला आहे," दंतवैद्य म्हणतो.

"आणि त्यात एकही क्लेम नाही," विमावाला म्हणतो.

खंडाखंडांचं मी जे बोललो ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मला तो सिनेमा मनापासून आवडतो. आवडलेली गोष्ट दुसऱ्या कुणालाच आवडत नाही, असं अकरा वर्षं चाललं की माणसाला स्वतःच्या डोक्याबद्दल शंका यायला लागते. हे मी या दोघांना कधी सांगितलं नाही. सांगून काय, वर आणखी दात काढतील. एकाचा तर धंदाच आहे.

यंदा मी निर्वाणीचं बोललो. एकतर चौथा धरा, नाहीतर दुसरा सोफा शोधा. बरीच घासाघीस झाली आणि असं ठरलं, की माझ्याशिवाय एका तरी माणसाने, फक्त एकाने, चौथा धरावा असं मत दिलं तर यापुढे तो कायमचा धरायचा. नाही मिळालं, तर मी त्याचं नाव जन्मात काढायचं नाही. मी हात पुढे केला. दंतवैद्याने आधी रुमालाला हात पुसून मग मिळवला.

एक मत. एवढ्या मोठ्या जगात एक मत मिळणार नाही? कॉलेजात विचारलं, तर कुणी मालिकाच पाहिलेली नाही. एका प्राध्यापकाने पाहिली होती, पण तो म्हणाला, माझं मत मी लेखी देत नाही. बायकोने तो सिनेमा माझ्याबरोबर पाहिला होता. लग्नाला सहा महिने झाले होते, दुपारचा खेळ होता, थिएटरात आठ माणसं होती आणि ही अर्ध्यातच माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. तेव्हा तिचा प्रश्नच नव्हता. मग मी ठरवलं, की लोकांना आधी सिनेमा दाखवायचा आणि मग मत घ्यायचं. इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. त्यात एक रसिक निघणार नाही, असं होईल कसं? आणि जागा कुठली, तर तळघर. तळघरात बसून 'तळघर' बघायचा! ही कल्पना मला सुचली तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो, की तेव्हाच कुणीतरी मला आवरायला हवं होतं.

कमिटीच्या शिक्क्याशिवाय आमच्या फळ्यावर कागद लागत नाही. मी सेक्रेटरींकडे गेलो. ते फोनवर होते.

"विषय?" त्यांनी फोनवर तळवा ठेवून विचारलं.

"तळघर."

"नाही, जागा नव्हे. विषय काय?"

"विषयच तळघर. जागाही तळघरच."

"तळघरात तळघराचीच चर्चा का?"

"त्यातच तर गंमत आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि शिक्का मारला. कागद वाचला नाही. शिक्का मारणारा माणूस वाचत नाही आणि वाचणारा माणूस शिक्का बघून विश्वास ठेवतो, यावरच जग चाललेलं आहे.

सूचना मी स्वतः लिहिली होती. सूची लिहून लिहून माझ्या हाताला शब्द वाचवायची सवय लागली आहे. त्याच सवयीने माझा घात केला. सूचना अशी होती:

'तळघर. भाग चौथा : वाटणी. भाग चौथा धरायचा की नाही, यावर खुली चर्चा व मतदान. आजवर झालेला अन्याय दूर करण्याची संधी. रविवार, सकाळी अकरा. स्थळ : तळघर.'

खाली माझी सही आणि तिच्यावर कमिटीचा गोल शिक्का.

तुम्ही हसताय. हसा. मला मात्र त्यात काही चुकलं असं आजही वाटत नाही. अवतरणचिन्हं घातली असती तर बरं झालं असतं, असं बायको म्हणते. पण फळ्यावरच्या कागदात अवतरणचिन्हं कोण घालतं?

त्या आठवड्यात इमारतीची वागणूक बदलली. ज्यांनी आजवर मला 'पुस्तकवाले' यापलीकडे ओळख दिली नव्हती ते लिफ्टमध्ये थांबून बोलू लागले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "चांगला विषय काढलात हो. कधीतरी निघायलाच हवा होता." मी विचारलं, "तुम्हाला यात रस आहे?" त्या म्हणाल्या, "रस म्हणजे? आम्ही तर डोक्यावरच बसलोय त्याच्या!" मला गहिवरून आलं. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात, पक्के उंटावरचे शहाणे. त्यांनी मला जिन्यात गाठून सल्ला दिला, "हे बघा, चौथ्याच्या नादी लागू नका. चौथ्यात ओल आहे."

समीक्षा म्हणून मला हे वाक्य फारच मार्मिक वाटलं. "ओल आहे म्हणूनच तो मला भावतो," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले.

रविवारी बायकोने विचारलं, "मी येऊ का खाली?"

"तू कशाला? तुला काय कळायचंय त्यातलं?" मी म्हणालो. "तू वरच थांब. चहाचं बघ. बहुतेक गर्दी होईल."

गर्दी झाली. मी दहा खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं आली एकतीस. काकू एका जुन्या पेटीवर बसल्या. काही जण नकाशे घेऊन आले होते. मला वाटलं, रसिक आहेत, टिपणं काढायला कागद आणलेत. दंतवैद्य आणि विमावाला प्रोजेक्टर घेऊन मागे उभे होते आणि एवढा समुदाय बघून दोघांचे चेहरे पडले होते. ते पडलेले चेहरे बघून मला जो आनंद झाला तोच काय तो या सगळ्या प्रकरणातला माझा फायदा.

"मंडळी," मी सुरुवात केली, "भाग चौथ्यावर आजवर फार अन्याय झाला आहे."

"सध्या कोणाकडे आहे तो?" काकूंनी विचारलं.

"कोणाकडेच नाही. तेच तर माझं दुःख आहे. कुणी त्याला आपला म्हणत नाही. मी म्हणतो. गेली अकरा वर्षं म्हणतोय!"

"अकरा वर्षं!" ओव्हरसियर बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने सांगतोय."

"आणि बाकीचे भाग?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ते या दोघांना मान्य आहेत," मी मागे बोट दाखवलं.

एकतीस माना मागे वळल्या. दंतवैद्याला वाटलं आपल्याला बोलायला सांगितलंय. तो घसा साफ करून म्हणाला, "पहिला भाग तर उत्तमच. माझा जीव आहे त्याच्यावर. दुसराही चालेल. चौथा मात्र मला फुकट दिला तरी नको."

"हे इमारतीत राहतात तरी का?" कुणीतरी ओरडलं. "बाहेरच्या माणसाला पहिला भाग?"

"मूळ मालकाचं काय म्हणणं आहे ते सांगा आधी," ओव्हरसियर म्हणाले.

"मालक मेला ना," विमावाला म्हणाला. "पण दुसऱ्या भागात परत आला. आल्या आल्या सात माणसं मारली."

काकू पेटीवरून हळूच उठल्या.

"दुसरा भाग म्हणजे," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "कुठून कुठपर्यंत?"

एवढं होऊनही तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही का, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. नाही पडला. ज्या माणसाचं अकरा वर्षं दोन माणसांनी ऐकून घेतलं नाही, त्याच्यापुढे एकतीस माणसं कान टवकारून बसली की त्याची अक्कल गहाण पडते. मी प्रोजेक्टर लावायला सांगितलं. ओव्हरसियर म्हणाले, "चित्रं नंतर. आधी मतदान." सगळे म्हणाले, "आधी मतदान!" त्या उत्साहात मीही वाहून गेलो.

"चौथा भाग धरावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!"

एक हात वर होता. तो माझा होता.

"आता याच्या बापाला तरी मिळतो का बघू," असं कुणीतरी पुटपुटलं, आणि ओव्हरसियरांनी खिशातून टेप काढली. "एकदा मोजूनच टाकू. म्हणजे पुढे कुणी दावा सांगायला नको. जरा टोक धरा हो."

मी धरलं. सांगितलं तिथे, भिंतीला टेकून, चारही भिंतींपाशी धरलं. ते सगळे आकडे लिहून घेत होते, कोणाला कुठला कोपरा यावरून भांडत होते, आणि माझ्याबद्दल असं बोलत होते की जणू मी तिथे नाहीच. ती टेपची पत्र्याची गार जीभ हातात धरून उभा असताना मला एकदम कळलं, की हा सगळा काय घोळ झालाय. आणि हेही कळलं, की हा प्रसंग मी आधी पाहिलेला आहे. मी ओरडून सांगितलं, "अहो, सिनेमा! सिनेमाबद्दल बोलतोय मी!" ओव्हरसियर म्हणाले, "सारवासारव पुरे. टोक हलवू नका."

तिथे संपलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ओव्हरसियरांनी नगरपालिकेत तक्रार दिली, की एक रहिवासी बाहेरच्या दोन इसमांच्या संगनमताने तळघराचे भाग पाडत आहे. मला खुलाशासाठी बोलावणं आलं. ग्रंथपालाला! कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकताना कारणाच्या रकान्यात 'तळघर' लिहावं लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्राध्यापकांच्या खोलीत मी शिरलो की बोलणं थांबू लागलं.

पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, कारण तळघर जमिनीखाली येतं. दुसरीने तिसरीकडे, कारण त्याला छप्पर आहे. तिसऱ्या खिडकीमागे एक जाड भिंगांचा कारकून होता. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. 'मालक' हा शब्द आला आणि त्याने पेन खाली ठेवलं.

"थांबा, थांबा. ते तळघर होय?" त्याचा चेहरा फुलला. "तिसऱ्यात तो पायऱ्या मोजतो आणि एक जास्त भरते, ते?"

"तेच!" मी जवळजवळ रडलो.

वीस मिनिटं आम्ही बोललो. मागे रांग वाढत होती, लोक खाकरत होते, पण त्या माणसाने रांगेकडे ढुंकून पाहिलं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला माणसासारखं वागवलं गेलं. मनात आलं, हेच ते एक मत. मी खिडकीत जवळजवळ डोकं घातलं आणि विचारलं, "आणि चौथ्याबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"चौथा?" तो हसला आणि पेन उचललं. "छे हो! तो कुठे कुणी धरतं?"

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. मी सोफ्यावर बसून ते उघडलं, समोर हे दोघे होते, बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. दंतवैद्याने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि उभा राहून, दात काढताना लावतो त्या गंभीर आवाजात वाचलं:

"'सदर तळघराची पाहणी करण्यात आली. भाग चौथा अभिलेखात आढळून येत नाही. सबब, भाग चौथा अस्तित्वात नाही व पूर्वीही नव्हता, असे कळविण्यात येत आहे.'"

'व पूर्वीही नव्हता' हे शब्द त्या जाड भिंगवाल्याने मुद्दाम घातले, याबद्दल माझी खात्री आहे. विमावाला सोफ्यावरून घसरला. दंतवैद्य म्हणाला, हे आता चौकटीत घालून दवाखान्यात लावतो. "सरकारी शिक्का आहे बाबा. नाव काढायचं नाही, ठरलंय आपलं." मला भयंकर संताप आला होता. आणि खरं सांगायचं तर नुसता संतापही नव्हता. मला वाटलं, एवढी सगळी माणसं म्हणतायत, मग असेलच मी मूर्ख.

"होता," बायको म्हणाली.

तिने ट्रे खाली ठेवला.

"होता चौथा. मी बघितलाय. धरायला हवा तो. तोच धरायला हवा."

"वहिनी, घरचं मत चालत नाही," विमावाला म्हणाला.

"माझ्याशिवाय एक माणूस, असं ठरलं होतं," मी म्हणालो. पण माझं लक्ष तिच्याकडे होतं. "तू तर झोपली होतीस."

"झोपले नव्हते. तो म्हातारा टेपचं टोक धरून बसला ना, तेव्हा मला रडू आलं. लग्नाला सहा महिने झालेले, भुताच्या सिनेमात रडते म्हणून तुम्ही हसाल असं वाटलं. म्हणून तुमच्या खांद्यात तोंड घातलं."

दंतवैद्याने पत्राची घडी घातली आणि खिशात न ठेवता माझ्याकडे दिली.

मी मात्र भडकलो. भडकायला नको का? अकरा वर्षं मी या दोघांशी भांडतोय, कॉलेजात भीक मागितली, एकतीस माणसांपुढे नाक कापून घेतलं, नगरपालिकेच्या तीन खिडक्या पालथ्या घातल्या, आणि ते एक मत इथे, माझ्याच घरात, रोज माझ्यासमोर चहा ठेवत होतं! मी आवाज चढवून म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने माझा कप उचलून माझ्या हातात दिला.

"तुम्ही सगळ्या इमारतीला विचारलंत," ती म्हणाली. "मला कधी विचारलंत?"